जाड टाइपातली निळी प्रत

दर दुसऱ्या गुरुवारी मी पुस्तकांची गाडी घेऊन
नॉर्थ डकोटातल्या खडीच्या रस्त्याला लागतो.
एकोणीस थांबे. धान्याच्या कोठाराच्या सावलीत एक,
लुथेरन चर्चच्या मागे एक, उरलेले असेच
कुणाच्या तरी फाटकापाशी.

यंदाच्या हिवाळ्यात सगळ्यांना एकच कादंबरी हवी होती,
जाड टाइपातली, निळ्या पुठ्ठ्याची.
तळ्याकाठचं गाव, बेकरी चालवणारी एक मुलगी,
तिच्या मागावर कुणीतरी,
आणि एक शेरीफ, ज्याला दोनशे बारा पानं लागतात
तिचा हात हातात घ्यायला.

ऑर्फा गुंडरसन म्हणाली, सोज्वळ आहे हो अगदी.
नातीला देता येईल. एकाच ठिकाणी एक शिवी होती,
ती मी खोडली.
खोडली म्हणजे काळ्या मार्करने, तीन पानं आरपार.
आता एकशे एकोणपन्नासवर खून कशाने झाला
ते कुणालाच वाचता येत नाही.

व्हर्लिन शाट्झ, वय एक्याऐंशी, गमबूट बर्फात रोवून :
खुनी कोण ते मला चौथ्या प्रकरणातच कळलं.
जानेवारीत ज्याचे बूट स्वच्छ,
त्याच्यावर इथे कोण विश्वास ठेवतं?
पण तो शेरीफ फार उतावळा.
व्हर्लिनने आपल्या डेलाला सहा वर्षं
नुसती बटाट्याची पोती उतरवून दिली होती.
सातव्या वर्षी तिनेच विचारलं.

पाळकाच्या बायकोला प्रार्थना कमी वाटल्या,
तिच्या बहिणीला जास्त.
शाळेतला स्वयंपाकी इग्नेस पुस्तक आपटून म्हणाला,
पावाला यीस्ट किती लागतं हे जिला ठाऊक नाही,
तिने प्रेताबद्दल लिहिलेलं मी का मानावं?

सतराव्या थांब्यावर क्लॅरिस हाइट.
गावात नवी, म्हणजे चार वर्षं झाली.
गाडीत चढत नाही, पायरीवरूनच पुस्तक परत देते.
त्या दिवशी दिलं नाही. छातीशी धरून उभी.

तुम्ही वाचलंत?
मी म्हटलं, मी फक्त ने-आण करतो.

यात दार लागलं की प्रकरण संपतं, ती म्हणाली.
लोकांना बरं वाटतं ते.
माझ्याकडे दार लागलं की प्रकरण सुरू व्हायचं.
आणि तो मागावरचा माणूस,
त्याच्या पावलांचा आवाज येतो हिला,
दर वेळी, खडीवर, जिन्यात.
लेखिकेला भीतीतलं काही कळत नाही.
माझा नवरा घरात मोजे घालून चालायचा.

मागे हीटर घरघरत होता.
मी शिक्का हातात धरून उभा,
जणू कुठल्यातरी तारखेचा उपयोग होणार होता.

म्हणजे आवडलं नाही तर, मी म्हटलं.

आवडलं की. तीनदा वाचलं.
दोनशे चाळीसवर शेरीफ तिच्या घरी येतो.
किल्ली आहे त्याच्याकडे, तिनेच दिलेली.
तरी दार वाजवतो.
बाहेर बर्फात उभा राहतो,
आणि ती पीठ लागलेले हात धुते,
सावकाश पुसते, जवळजवळ अर्धं पान,
आणि दार उघडल्यावर
त्याला राग आलेला नसतो.

मी तिला आणखी तीन आठवडे दिले.
मशीनने कारण विचारलं. ती जागा रिकामी ठेवली.

अठराव्या थांब्यावर डेल्बर्ट टोलेफसन,
रांगेतलं पुढचं नाव, टोपी कानांवर ओढलेली,
नोव्हेंबरपासून वाट बघणारा.
पुस्तक नाही म्हटल्यावर भडकला.
निदान एवढं तरी सांग, खून झाला कशाने?

ऑर्फाला विचार, मी म्हटलं,
आणि गिअर टाकला.