मार्केट यार्डातला एक जानेवारी

अकिवाटे शेठ म्हणाले, पट्टीचं नवं सॉफ्टवेअर
घालून द्या ताई, अर्ध्या तासाचं काम.
त्यांच्या अर्ध्या तासात
गुळाचे शंभर रवे सौद्यातून उठतात.

मी पेन ड्राइव्ह लावला.
हिरवी रेघ डावीकडून निघाली,
नव्वद टक्क्यांवर थांबली
आणि आल्या वाटेनं परत गेली,
चढावर दम तुटून
मागे घरंगळणाऱ्या उसाच्या ट्रॉलीसारखी.
खाली एकच वाक्य : इन्स्टॉल करता आलं नाही.
का, ते नाही.

मग नेहमीचं सगळं.
अँटिव्हायरस झोपवला.
जुनं सॉफ्टवेअर काढलं, त्याची मागे राहिलेली पिल्लं
कानाकोपऱ्यातून वेचली.
बंद करून चालू केलं.
मेन स्विच बंद करून, पाच मिनिटं थांबून, चालू केलं.
हे थांबणं कुणी शिकवत नाही,
दहा वर्षांत हाताला लागतं.

एंटर दाबला की वर येईना.
कीबोर्ड उलटा करून आपटला :
गुळाचा भुगा, दोन मेलेले मुंगळे
आणि एक जिवंत,
तो सरळ शेठच्या रोजमेळावर चालू लागला.

दारातून सर्जेराव हमाल म्हणाला,
"दोन थापा द्या की बाजूला.
आमच्या काट्याला तसंच लागतंय."
मी दिल्या,
कॉलेजातल्या सगळ्या सरांची मनात क्षमा मागून.

नव्वद. परत शून्य.

तिसऱ्या तासाला शेठनी हळूच विचारलं,
"जुन्यात तसं वाईट काय होतं?"
जुनं तर मी काढून बसले होते.
पाणी प्याले. तांब्याभर.

शेवटी लॉग उघडला.
हजारभर ओळी, सगळ्या एकाच आवाजात पुटपुटणाऱ्या,
त्यांत एक, तीही सहज बोलल्यासारखी :
ह्या प्रोग्रामवरची सही अजून लागू झालेली नाही.

अजून?

मी खालच्या उजव्या कोपऱ्यात बघितलं.
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं.
बाहेर दुपारचं ऊन, रव्यांवर माश्या,
आणि टेबलावर ही नव्या वर्षाची अंधारी रात्र.
मी आणलेली वस्तू
तिच्या लेखी कुणी बनवलीच नव्हती.
ती आत घेणार तरी कशी?

शिकलगार दिवाणजींना फोन लावला.
ते मिरजेत, मोतीबिंदू काढून, डोळ्यावर पट्टी.
"तारीख व्हय? ती मी घालतो की रोज.
आल्या आल्या, च्याच्या आधी,
भिंतीवरचं कॅलेंडर बघून.
सात-आठ वर्सं झाली.
कुणी इचारलंच न्हाई."

सात-आठ वर्षं हा माणूस
रोज सकाळी मशीनला दोन हजार नऊमधून
हाताला धरून आजपर्यंत आणत होता,
आणि मग पहिली पट्टी फाडत होता.

लक्ष्मीपुरीतल्या घड्याळाच्या दुकानातून
रुपयाएवढा सेल आणला. चाळीस रुपये.
रेघ निघाली, नव्वदवर घुटमळली
(सर्जेरावानं पोतं खांद्यावरच ठेवलं)
आणि गेली पार.
शेठनी पैसे मोजले, वर कागदात बांधून एक भेली.

आठवड्यानं प्रिंटरसाठी पुन्हा गेले.
दिवाणजी काळा चष्मा लावून जागेवर.
त्यांनी मशीन चालू केलं, कॅलेंडर बघितलं,
माउस कोपऱ्यात नेला.
तारीख बरोबर होती.
हात जरा वेळ तिथंच राहिला.

"ताई, ह्यो सेल किती दिवस चालतोय?"
चार-पाच वर्षं, मी म्हणाले.
"मग हरकत न्हाई," ते म्हणाले,
"तवर मी हाय हितंच."
आणि पोराला चहा सांगितला,
रोजच्यापेक्षा थोडा आधी.