मंगळवारचा कोळसा

ऑल्डरशॉटच्या आमच्या विटकरी ओळीत
लेडी ऑगस्टा पेनरडॉक सायकलवरून यायची.
जनरलची बायको, उमरावाची लेक.
पेट्रोलला रेशन म्हणून सायकल, आणि हट्ट म्हणूनही.
चहाचा कप धरला की करंगळी आपोआप वर जायची,
मग लक्षात यायचं तिच्या,
आणि आमच्यासमोर ती गुपचूप मिटून घ्यायची.

तिच्या वहीत आम्ही सगळ्याजणी होतो.
मिसेस टॅपस्कॉट: तीन मुलं, बुटांचा एकच जोड.
मिसेस ग्विल्ट: दिवस भरत आलेत, पाळणा नाही.
माझ्या नावापुढे: खोकला, फुटकी काच, हट्टी.

दोन हिवाळे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.
मग डोरीन टॅपस्कॉटनं बोटं मोडत हिशोब मांडला:
बाई ज्या आठवड्यात कोळसा जास्त पाठवते,
त्याच्या पुढच्या आठवड्यात तारवाला पोरगा येतो.
आधी पोतं, मग तार.

नवरा तिला काही सांगत नसणार. शपथ असते त्यांना.
पण न्याहारीचं अंडं न फोडताच उठलेला माणूस
बायकोला काय कळायचं ते कळवून जातो.

मग सायकलची घंटी वाजली की
आम्ही दारं लावून घ्यायला लागलो.
बाळ भुकेनं रडत असताना ग्विल्टबाईनं
दुधाचे डबे फाटकाबाहेर नेऊन ठेवले.

कुणीतरी तिला सांगितलं. म्हणजे मीच.
ती बोलली नाही काही. न निसटलेली साखळी
वाकून बराच वेळ बसवत राहिली.

त्यानंतर दर मंगळवारी, दर दाराशी एक पोतं.
लढाई असो नसो. जूनमध्येसुद्धा.
पोरं हसायची, उन्हाळ्यात कोळसा!
पुढे कधीतरी ऐकलं, तिच्या माहेरच्या हवेलीत
म्हातारा उमराव हातमोजे घालून पेपर वाचायचा.

माझी तार बुधवारी आली.
दाराशी कालचं पोतं तसंच होतं,
नेहमीएवढंच, काहीही न सांगणारं.
मी त्याच्यावरच बसले.
किती वेळानं कोण जाणे, ती आली,
उरलेल्या कडेवर टेकली,
चांगला करडा कोट मागून काळा झाला.
डोरीननं दोघींना चहा आणून दिला.
त्या दिवशी करंगळी
तिच्या मिटायची राहून गेली.