चौथा बोल्ट

इगतपुरीहून घाटाकडे निघालं की दीड किलोमीटरवर
मागच्या आठवड्यात एक पाटी बसवली.
त्याआधी दोन दिवस आम्ही गवत कापत होतो.
मुकादम म्हणाला, जपून कापा, साप असतील,
साहेबलोक येणार आहेत.

आले. पडदा ओढला.
पेढे पहिल्या रांगेतच संपले.
पाटीवर नाव : अल्बर्ट वॉर्बॉइस.
खाली : या दुर्गम घाटातून लोहमार्ग नेणारे अग्रणी अभियंता.
आमच्यात त्याला वारभाऊ म्हणतात.
वारभाऊची मोरी, वारभाऊचं वळण.
मला कितीतरी वर्षं वाटायचं
हा आपल्याच भावकीतला, तळेगावकडचा कुणी.

मी सोपान बेंडकोळी, की-मॅन.
रोज पहाटे पाच किलोमीटर जातो, पाच येतो.
घट्ट चावी ठण् म्हणते,
सैल चावी पुटपुटते,
मग तिला हातोडा.

सवयीने पाटीलाही एक ठोका दिला.
डब्यासारखी वाजली.
मागे पोकळ. चार बोल्ट,
चौथा आट्यावर बसलेलाच नाही.

खाली उतरलो, मोरीत.
तीन कमानी.
कंपनीने एकच मंजूर केली होती म्हणे,
त्याने तीन बांधल्या
आणि वरच्या दोघींचा हिशेब
मरेपर्यंत देत बसला.
खरं-खोटं आजाला ठाऊक, आजा गेला.
पण हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय :
उन्हाळ्यात ओहोळ इथे वीतभर,
आणि करवंदीच्या जाळीत, माझ्या डोक्याच्याही वर,
वाळलेलं गवत, काटक्या, कुणाची तरी एक चप्पल.
पाणी कुठवर येऊन गेलं
ते जाळी धरून ठेवते.

त्यानेही असंच पाहिलं असणार,
टोपी काढून, मान वर करून.
कुणी दाखवलं असेल?
ज्याची गुरं वाहून गेली असतील, त्याने.
त्याला भाषा कशाला लागते.
बोट पुरतं.

मधल्या कमानीच्या कळीच्या दगडावर हातोडा मारला.
आवाज आला नाही म्हटलं तरी चालेल.
डोंगराने जेवता जेवता हं म्हणावं, तेवढंच.
तेवढ्यात वरून मालगाडी गेली, कांद्याची,
सालं उडत खाली आली.
दगडाच्या सांध्यात एक थेंब हलला,
पडला नाही.

परतताना पाटीपाशी थांबलो.
माझ्या वहीत फिशप्लेटला रकाना आहे,
खांबाला आहे, चावीला आहे.
हिला नाही.
हिच्यासाठी कुणी मला विचारणार नाही.

पाना काढला.
बोल्ट कोरडा होता. डब्याच्या झाकणाला
शेंगदाण्याचं तेल होतं थोडं, तेच लावलं.
दीड फेरा आत गेला.
पुन्हा ठोकून पाहिलं, वारभाऊ.
डबाच आहे अजून,
पण झाकण लागलेला.