उकंडा साउंड सर्विस

नातवानं नखायेवढं कार्ड दाखवलं.
म्हने, आबाजी, याच्यात सात फोल्डर केले,
दर दहा वर्साले एक.
आवडतं गानं सांगा, मी भरतो.

आता पाह्य प्रज्योत,
माही आवड कोनं इचारली कधी?
तीस वर्स मी लोकायचेच गाने वाजवले.
नवरीचा मामा सांगे ते, सरपंच सांगे ते,
बारशाले वेगयं, तेरवीले वेगयं.
काटखेड्याच्या निंबावर माहा भोंगा,
अन् अडानच्या पल्याड निंदनाऱ्या बाया
त्याच्यावरून टाइम सांगत:
"चाला वो, आहेर लागले, बारा वाजले असन."

पयला फोल्डर तं अर्धाच राहीन.
सुभीबाई मले कमरेवर घेऊन भुलाबाईले जाये.
कोजागिरीचं चांदनं, पाटावर मातीची भुलाबाई,
पोरी टिपऱ्या वाजवत,
खिरापतीचा डबा हालवून "ओयखा" म्हनत.
फुटाने का मुरमुरे, मी आवाजावरून सांगो.
पन गानं सरायच्या आंधी मले झोप लागे.
शेवटी काय होते त्या गान्यात
मले आजपोत माईत नाई.

दहाचं सोड.
ढोरामांगं शिटी वाजवो,
ते कोनतं होतं ते ढोरायलेच माईत.

विसाचं सांगू? हसू नोको.
माह्या लग्नात वाजवनारा मीच,
दुसरा कोन होता गावात?
बाशिंग बांधून उभा, मधात अंतरपाट,
अन् तबकडी अडकली.
"ये… ये… ये…"
सारा मांडव हसे.
मी तसाच निंगालो, पिन उचलली,
फूक मारली, परत येऊन उभा राह्यलो.
वच्छी म्हनते, तवाच समजलं मले
हा मानूस कोनाचा हाये.

मंग कॅसेटी आल्या.
दारव्ह्याहून भरून आनलेली एक,
दुसरी बाजू, तिसरं गानं.
तुह्या बापानं, चार वर्साचा असन तवा,
लाल बटन दाबलं.
आता त्याच्यात बाई गाते, गाते,
अन् खटकन
कोंबडा. बादली आपटली. वच्छीचा आवाज:
"पोट्ट्या, हात लावशीन तं तंगडी मोडीन!"
मंग पुन्हा बाई गाते,
जसं काई झालंच नाई.
ती कॅसेट मी कोन्या लग्नात लावली नाई.
घरी लावो. फीत निंगाली
का पेन्सिलीनं गुंडाळो.

"आबाजी, हे नेटवर भेटत नाई."
नाई भेटनार, बेटा.
सयपाकातून वच्छी:
"माहा आवाज असा कुठी हाये?
कोनती बाई घरी आनली होती तवा?"

चायीसाचा रिकामा ठेव.
डीजे आला, भोंगा भंगारात किलोनं गेला,
मी जिनिंगात रातपायीले.
सरकीच्या गंजीजवळ स्टूल,
मशीन रातभर एकच बोले.
डाव्या कानानं तिचंच ऐकलं
अन् मंग दुसरं काई ऐकनं सोडलं.

पन्नासाचं तुह्या आत्याच्या वरातीतलं.
नाव मले नोको इचारू, बोल समजलेच नाई.
चपलीच्या तयातून चढलं, छातीत आलं.
पारावर बसून मी पाय हालवला.
तू माह्या मांडीवर होता,
तुले झोका वाटला.

अन् साठाचं…
दुपारी वच्छी तुरीच्या दायीतले खडे निवडते.
सूप हालते, तिच्यासंगं ती काईतरी गुनगुनते.
कानात मशीन घातली का बारीक ऐकू येते.
परवा इचारलं, "कोनतं गानं हाये वो?"
चूप.
"मी कुठी गात होती?"

तवापासून तिकडं पाहत नाई.
भीतीकडं तोंड करून बाजीवर पडतो.
सूप हालते. ताटात खडा पडते.
भुलाबाईचंच असन, मले वाटते,
पन शेवट ऐकल्याबिगर पक्कं कसं सांगू,
अन् शेवटाच्या आंधी
माहा डोया लागते.