दीड सेकंद

ब्रॉटी फेरीतल्या चॅरिटी दुकानात
कान तुटलेल्या कपांच्या मागे पडला होता.
पंचेचाळीस पौंड.
कीव्हमध्ये बनलेला, पितळ आणि काळं कातडं,
डोक्यावर कोरलेल्या क्रमांकाची सुरुवात ६३ ने.
दुकानातली बाई म्हणाली, चालतो की नाही ठाऊक नाही,
पण वजनाच्या मानाने स्वस्त आहे.

दिवसभर मी हॉस्पिटलात लोकांची हाडं बघते.
श्वास रोखा, म्हणते,
आणि रोखलेला श्वास सुटायच्या आत
बरगड्या पडद्यावर हजर.
फिल्म वाळायची वाट बघणं
माझ्या हातातून कधी गेलं, कळलं नाही.

या कॅमेऱ्यात भिंगातून दिसतच नाही.
शेजारच्या खिडकीतून बघायचं.
मधल्या फिकट चौकोनात सगळं दुहेरी,
दातेरी चाक बोटाने फिरवत
एकावर एक आणून बसवायचं.
इथे कुणी दोन देशांचं रूपक काढेल.
काढू नये. आत एक आरसा सैल झालाय, इतकंच.

टे नदीवर मात्र त्याचं काही चालेना.
रेल्वेच्या पुलाला लागून, पडलेल्या जुन्या पुलाचे खुंट
अजून पाण्याबाहेर आहेत, ओळीने.
कितीही चाक फिरवा,
ते नव्या खांबांवर बसत नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या इशबेल रॅट्रे, वय ब्याऐंशी,
बावीस वर्षं डंडीत घड्याळांच्या कारखान्यात होत्या.
नारळातलं पाणी ऐकावं
तसा त्यांनी कॅमेरा कानाशी धरला.
एका सेकंदावर लाव, म्हणाल्या, आणि दाब.
आत एक भुंगा घरघरला, थांबला.
"हा सेकंद नाही. दीड आहे.
तेल घट्ट झालंय. थंडीत माझंही होतं."
दुरुस्त करून घेऊ?
"कशाला? दोन मिनिटं उशीर झाला
तर आमचे पाव तासाचे पैसे कापत.
याला तरी जास्तीचं मिळू दे."

रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात अख्खा रोल.
नोव्हेंबर, दुपारचे तीन, म्हणजे उजेडाची उधारी.
त्यांना दोन नाकं होती, मी एक केलं.
माझं मधलं बोट सारखं खिडकीवर येई
आणि चौकोन विझे.
बोट! त्या ओरडत. बोट!

रात्री न्हाणीघरात, दाराच्या फटीला टॉवेल,
पाणी वीस अंशांवर.
पट्टी धुऊन दिव्यासमोर धरली:
काचेसारखी कोरी.
कडेचे कंपनीचे आकडे तेवढे उमटलेले.
भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं.
खिडकीतून सगळं दिसत होतं ना.
छत्तीस वेळा जुळवलं, छत्तीसच्या छत्तीस गुण,
आणि आत मिट्ट काळोख.
आमच्याकडे ३६ चा आकडा म्हणतात तो हाच,
तीन आणि सहा, पाठीला पाठ.
कॅमेऱ्याच्या डोक्यावर मात्र ६३.
तोंडाला तोंड लावून बसलेत साठ वर्षं.

दुसऱ्या दिवशी जिना चढून सांगितलं.
त्या इतक्या हसल्या की कवळी सावरावी लागली.
मग हात पुढे केला.
"झाकण इकडे."
आणि बसच्या तिकिटासाठी मोड धरावी
तसं मुठीत घट्ट धरून खुर्चीत बसल्या.

त्या रोलमधले बरेच माझ्याच हाताने हलले.
एक आलाय.
किटलीची चोच धारदार, खिडकीची चौकट धारदार,
गालावरचा तीळ,
मुठीतून डोकावणारी झाकणाची कड.
फक्त ओठ पुसट.

हलू नका म्हटलं होतं ना, मी म्हटलं.
त्यांनी फोटो लांब धरला, मग जवळ,
मग पुन्हा थोडा लांब, जुळेपर्यंत.
"हलले नाही गं," म्हणाल्या.
"मोजत होते."