उसनं अवसान

संडरलंड. पहाटेचे पावणेचार.
सिरिंज पंप कणाकणानं सरकतोय,
मुंगीनं तांदळाचा दाणा ढकलावा तसा,
आणि नॉर्मन हेस्लॉप यांचं हृदय
उठून बसतं, चपला शोधतं, कामाला लागतं.

डोब्युटामिन. पाचवर.
वजन एक्काहत्तर किलो,
त्यातलं बरंचसं घोट्यांत साचलेलं पाणी.

काल राउंडला डॉक्टर अडेयेमी सरळ म्हणाल्या,
हे दुरुस्त काहीच करत नाही.
नुसतं पळवतं. दोन दिवस, फार तर तीन.
मग बघू, त्याचं त्याला जमतंय का.

इंग्रजीत मान हलवली मी. मराठीत शब्द आला:
उसनं अवसान.
वाटीभर पीठ उसनं आणलं, तर
आई परत करताना वर चिमूट जास्त घालायची.
हेही तसंच फेडतं.
मधेच एक ठोका आगाऊ, मॉनिटरवर रुंद, वेडावाकडा.
मी मान वर करते.
तो व्याजाचा.

पिशवीत लघवी, तासाला चाळीस मिली.
या वॉर्डात आनंद असा मोजतात.

नॉर्मन जागेच. जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होते,
कारखाना गेला, मग कबुतरं.
त्यातली एक निळी, शनिवारी फ्रान्सहून सोडलेली,
अजून घरी नाही.
"पाठीवर वारा होता तिच्या," ते म्हणतात,
एका वाक्याला दोनदा थांबून.
"पण वारा किनाऱ्यापर्यंतच. पुढचं
पाखराचं पाखरानं बघायचं."
मग पाणी मागतात. मी मोजून देते.

सकाळी अडीच केला. दुपारी सव्वा.
रात्री मी परत आले तेव्हा
पंप बंद. स्टँड मात्र पलंगाशीच,
पाहुणा उठून गेल्यावर
खुर्ची तशीच राहावी तसा.

प्रेशर अठ्ठ्याऐंशी. मग पंच्याऐंशी.
मग पुन्हा अठ्ठ्याऐंशी.
मिरजेला शिकताना सिस्टर सांगायच्या,
यंत्र असू दे, दोन बोटं मनगटावर ठेव.
ठेवते.
बारीक आहे. पण त्याची स्वतःची.

"कॉलिनचा फोन?"
आला होता, मी सांगते. निळी नाही आली.
पण त्यानं खुराड्याचं दार
उघडंच ठेवलंय.