जास्तीच्या आठ फ्रेम

चांदोरकर सर म्हणाले, धुराला कसलं पारितोषिक?
रविवार होता. लॉ कॉलेज रोडच्या मागच्या टपरीवर
त्यांनी कटिंगचा ग्लास कट्ट्यावर आपटला.
अभिनय नाही, गोष्ट नाही, नुसते मनोरे कोसळतात.
उद्या मिक्सरला पाककलेचं बक्षीस द्या!

मी हसले. उपमा चांगली होती.
शिवाय सिनेमा भिकार आहे हे मला त्यांच्या आधी कळलं होतं:
त्यांनी तो एकदा पाहिला,
मी त्यातले तेरा सेकंद अकरा आठवडे पाहिले.

बाणेरला, चौथ्या मजल्यावर,
जिथे खिडक्यांचे पडदे कायम ओढलेले,
तिथे आम्ही पुसतो.
दोर पुसतो, क्रेन पुसतो, नायिकेच्या गालावर
मागच्या कापडाचा चढलेला हिरवा उजेड पुसतो,
केस न् केस वेगळा काढतो, उवा शोधल्यासारखा.
काम दिसलं, की फसलं.

हे मला ऑफिसात कुणी शिकवलं नाही.
कॅम्पात एका ड्रायक्लीनरच्या पायरीवर
अब्बा चाळीस वर्षं रफू करतात.
शेरवानीला सिगारेटचं भोक, पैठणीला उंदराचा दात.
त्याच कापडाच्या शिवणीतून धागा उसवून घेतात
आणि भोकाला पुन्हा कापड व्हायला शिकवतात.
रफू दिसला तर माझी चूक, म्हणतात,
नाही दिसला तर कापड चांगलं.
गिऱ्हाईक उजेडात धरून बघतं,
काही सापडत नाही,
म्हणून पैसे देताना कुरकुरतं.

सोहळा तिकडे रात्री, इकडे पहाट.
नाइट शिफ्ट संपवून आम्ही नऊजण
पोह्याच्या गाडीपाशी एका फोनवर वाकलो.
मिळालं.
चार सूट मंचावर गेले. त्यातल्या एकानं
बायकोचे, आईचे, कुत्र्याचे आभार मानले
आणि वाद्यं वाजू लागली.
पोहेवाला म्हणाला, काय झालं?
जिंकलो, म्हणालो. लिंबू जास्त दे.

दुपारी सरांचा मेसेज: अभिनंदन. मत बदललेलं नाही.
बदलू नका, सर. माझंही अजून ठरत नाही.
त्या तेरा सेकंदांत एक माणूस आहे.
गच्चीवरून पडतो. नायक नव्हे, त्याच्या जागचा.
जबड्याखाली तीळ, पुढचा एक दात तुटका.
एक हजार एकपासून एक हजार तीनशे बारापर्यंत
मी त्याच्या मानेवर दुसऱ्याचा चेहरा बसवला.
तीळ सगळ्यात शेवटी पुसला, उगाच.
त्या चेहऱ्याला पुढे अभिनयाचं नामांकन मिळालं,
जिवावर उदार होऊन काम केलं, असं कुणीतरी लिहिलं.
मग बक्षीस कुणाचं, सर? आणि मी कोण,
कारागीर, का चोरीतली भागीदार?
मिक्सरला हा प्रश्न पडत नाही.

अब्बांना सिनेमाला नेलं.
नावं सुरू झाली तशी माणसं पार्किंगकडे पळाली,
झाडूवाली मावशी पॉपकॉर्न लोटत
आमच्या रांगेपर्यंत आली, थांबली, घड्याळ बघितलं.
पडद्यावर मुंग्या चढत होत्या, पाच ओळींनी.
अब्बांनी चष्मा पुसला. तू कुठंय?
गेले, म्हटलं. वर.
तांबोळीतला ळ तसाही आधीच गेला होता,
त्यांच्या लिपीत तो मिळत नाही.

सरकता जिना त्यांना नको असतो. साध्या जिन्यानं उतरताना
मध्येच थांबून म्हणाले,
तो वरून पडला ना, त्याला लागलं का गं?

प्रत्येक शॉटला मागेपुढे आठ फ्रेम जास्तीच्या येतात,
शिवणीत दाबलेल्या कापडासारख्या.
त्या कुणी बघत नाही, आम्ही सोडून.
त्यात तो गादीवरून उठतोय,
कोपर धरलंय, आणि कॅमेऱ्याबाहेरच्या कुणाकडे तरी बघून
हसायला लागलाय.
पूर्ण हसत नाही. फ्रेम संपतात.

थोडं लागलं, म्हटलं. कोपराला.
अब्बांनी मान हलवली
आणि पुढच्या पायरीसाठी हातानं कठडा शोधला.